चौकी, दलाल आणि घराची नोंदवही

५ फेब्रुवारी २००२ रोजी उत्तर थायलंडमधल्या माए आय तालुक्याच्या कचेरीतून एक आदेश निघाला आणि १,२४३ माणसे आपापल्या घरात बसल्या जागी परकी ठरली. चिआंग माय प्रांताच्या उत्तर टोकाला, म्यानमारच्या सीमेला लागून हा तालुका आहे. तालुक्याच्या प्रमुखाने या सगळ्यांची नावे ‘थाबियन बान’मधून, म्हणजे घराच्या सरकारी नोंदवहीतून, काढून टाकली. ही मंडळी मूळची सीमेपलीकडची, कागद जमवून थाई झालेली, असा त्याचा दावा. ज्यांची नावे गेली त्यांना म्हणणे मांडायची संधी दिली नव्हती. प्रकरण प्रशासकीय न्यायालयात गेले, तिथून वरच्या न्यायालयात, आणि २००५मध्ये निकाल गावकऱ्यांच्या बाजूने लागला. कागदाचे महत्त्व कळायला हे प्रकरण पुरेसे आहे. नोंदवहीत नाव नसेल तर मत नाही, जमिनीचा कागद नाही, सरकारी नोकरी नाही, आणि तालुक्याबाहेर पाऊल टाकायचे तर साहेबाची परवानगी.

माए आयचे लोक निदान वहीत चढून मग उतरले. उत्तर थायलंडच्या डोंगरांत अशी लाखो माणसे होती, ज्यांची नावे वहीत कधी चढलीच नाहीत. त्यांतल्या बायकांविषयी हा लेख आहे.

मुलींच्या विक्रीची गोष्ट आपण एका ठरावीक साच्यात सांगतो. गरीब घर, व्यसनी बाप, गोड बोलणारा दलाल, शहरातला कुंटणखाना आणि शेवटी पोलिसांची धाड. या गोष्टीत राज्य अगदी शेवटी येते आणि तेही सोडवणारा म्हणून. थायलंडच्या डोंगरी जमातींचा इतिहास वाचताना मला हा साचा खोटा वाटू लागतो. इथे राज्य दलालाच्या कितीतरी आधी येऊन गेलेले असते. मुलीला एकटीने ओलांडता येणार नाही अशी हद्द ते आखते आणि निघून जाते. दलाल विकतो ती हद्द ओलांडण्याची सोय.

आखा, लाहू, लिसू, म्होंग, मिएन, कारेन या आणि अशा आणखी काही जमातींना थाई सरकार ‘डोंगरी लोक’ म्हणते. चिआंग राय, चिआंग माय, माए होंग सोन, ताक, नान या आणि आसपासच्या इतर प्रांतांत मिळून त्यांची संख्या या शतकाच्या सुरुवातीला नऊ लाखांच्या आसपास होती. काही कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तिथली, काही म्यानमार, लाओस, चीनमधल्या लढायांतून निसटून आलेली. १९५६च्या सुमारास थाई सरकारने घरोघर नोंदणी केली, तेव्हा कारकून डोंगर चढून वर गेले नाहीत. १९६९-७०मध्ये एक पाहणी झाली, पण तीही सगळ्या गावांपर्यंत पोचली नाही. मग १३ डिसेंबर १९७२ रोजी लष्करी राजवटीने ३३७ क्रमांकाची घोषणा काढली. ज्यांचे आईबाप रीतसर स्थलांतरित नव्हते, त्यांचे थाई भूमीवर जन्मल्यामुळे मिळालेले नागरिकत्व या घोषणेने काढून घेतले. काळ साम्यवादी बंडाच्या भीतीचा होता आणि रोख मुख्यतः व्हिएतनामी निर्वासितांवर होता. डोंगरातले लोक त्याच जाळ्यात आले.

आपल्याकडच्या वाचकाला यातली मेख चटकन कळेल. भटक्या-विमुक्तांतल्या माणसाने जातीचा दाखला मागितला की १९६१पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा आणा, असे सांगतात. ज्या जमातीला इंग्रजांनी गुन्हेगार ठरवून गावाबाहेर हाकलले, तिच्याकडेच गावात राहिल्याचा पुरावा मागायचा! थाई तालुका कचेरीचे गणितही याच जातीचे.

पुढे रंगीत कार्डे आली. १९९०च्या सुमारास डोंगरी लोकांसाठी निळे, १९९९मध्ये लाल किनारीचे हिरवे. ही कार्डे नागरिकत्वाची नव्हती. सरकारने तुम्हाला पाहिले आहे, पण अजून मानलेले नाही, एवढेच ती सांगत. कार्डधारकाने नेमून दिलेल्या हद्दीत राहायचे, बाहेर जायचे तर तालुक्याच्या प्रमुखाचा लेखी परवाना घ्यायचा. ज्यांच्याकडे कार्डही नाही, ते सरळ बेकायदा घुसखोर.

याच काळात डोंगरातले जगणेही आवळत गेले. अफूची शेती बंद झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्याबरोबर राखीव जंगले आणि राष्ट्रीय उद्याने जाहीर झाली, फिरती शेती गुन्हा ठरली. नागरिकत्व नसलेल्याच्या नावावर जमीन होत नाही. म्हणजे शेत गेले, नवे मिळणार नाही, रोकड पैसा हवा आणि तो खाली शहरात. शहराच्या रस्त्यावर चौकी. म्यानमारच्या सीमेवरच्या माए सायहून दक्षिणेला निघालेली प्रत्येक बस या चौक्यांवरून जाते. पोलीस चढतो, कार्डे पाहतो. घरातल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने चिआंग मायच्या हॉटेलात भांडी घासायला जायचे ठरवले, तर तिच्यापुढे वाट एकच उरते. जीपवाला, ज्याची चौकीवर ओळख आहे.

हा जीपवाला नेहमी राक्षस नसतो. पुष्कळदा तो नात्यातला असतो, आधी शहरात जाऊन आलेली शेजारीण असते. त्याने नेलेल्या काही मुली खरोखरच खाणावळीत कामाला लागतात आणि घरी पैसे पाठवतात. म्हणून तर पुढची मुलगी विश्वासाने निघते. तो खर्च आगाऊ करतो आणि मुलीच्या नावावर लिहितो. वाटेत तो रस्ता बदलो न बदलो, तिच्या मानेवर कर्ज असते आणि ते कोणाचे, किती, हे तोच सांगतो. मालकाने पगार दिला नाही, दार बाहेरून लावले, गिऱ्हाईक घेतलेच पाहिजे म्हणून मारले, तर ती जाणार कुठे? पोलिसांकडे गेली की पहिला गुन्हा तिचाच नोंदणार, हद्द सोडल्याचा. मालकाला हे ठाऊक असते, आणि तिला ते ठाऊक आहे हेही त्याला ठाऊक असते. कुलपापेक्षा ही जाणीव जास्त कामाची. थाई नागरिक असलेली मुलगी निदान पळून गेली तर घरी पोचू शकते. या मुलीला पळायलाही पुन्हा दलालच लागतो.

डेव्हिड फाइनगोल्ड हे मानववंशशास्त्रज्ञ अनेक दशके आखांमध्ये वावरलेले. पुढे ते युनेस्कोच्या बँकॉक कार्यालयात मानवी तस्करी आणि एचआयव्हीच्या कामाचे प्रमुख होते. डोंगरी मुलीला विकले जाण्याचा सर्वांत मोठा एकटा धोका कोणता, तर नागरिकत्वाचा पुरावा नसणे, हे त्यांनी आग्रहाने मांडले. या विषयावरचा त्यांचा ‘ट्रेडिंग वुमन’ हा माहितीपट २००३चा. ‘फिजिशियन्स फॉर ह्यूमन राइट्स’ या डॉक्टरांच्या संघटनेने २००४मध्ये थायलंडमधल्या ब्रह्मी आणि डोंगरी बायकांवर जो अहवाल काढला, त्याचे नावच ‘नो स्टेटस’ होते. डॉक्टरांना कायदेशीर दर्जाविषयी अहवाल लिहावासा वाटला, ही गोष्ट मला बोलकी वाटते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. कागद असलेल्या मुली विकल्या जात नाहीत का? जातात. १९७० आणि ८०च्या दशकांत फायाव प्रांतातला दोक खाम ताय तालुका बँकॉकच्या वेश्यावस्त्यांना मुली पुरवणारा म्हणून देशभर कुप्रसिद्ध होता, आणि त्या मुली थाई नागरिक होत्या. मग काय बदलले? उद्योग वाढले, रस्ते झाले, शाळा वाढल्या. माए सायमध्ये सोम्पोप जांत्राका यांनी १९८९मध्ये मुलींना शाळेत टिकवून ठेवण्याचे काम सुरू केले, तशी कामे इतरत्रही झाली. मैदानातल्या थाई मुलीला कारखाना, दुकान, शिक्षण असे पर्याय मिळू लागले आणि बाजारातली तिची जागा डोंगरातल्या आणि म्यानमारमधून आलेल्या मुलींनी भरली. गिऱ्हाईक कमी झाले नव्हते. रांगेत शेवटी कोण उभी राहील, हे कागदाने ठरवले. गरिबी सगळ्यांनाच होती. तिच्यातून बाहेर पडण्याचे दार काहींनाच उघडले. शाळेचेच पाहा. कागद नसलेली मुले वर्गात बसू शकत, पण शिक्षण पुरे झाल्यावर बिनशेऱ्याचे प्रमाणपत्र मिळेल याची खात्री नसे. दर्जा न पाहता प्रत्येक मुलाला शिकण्याचा आणि प्रमाणपत्राचा हक्क देणारा मंत्रिमंडळाचा ठराव जुलै २००५मध्ये झाला. त्याआधी जी मुलगी वर्षानुवर्षे वर्गात बसून घरी परतली, तिच्या आईबापांनी धाकटीला शाळेत कशासाठी घालावे?

आता आजाराकडे वळतो, कारण कागदाचा आणि शरीराचा संबंध तिथे अधिक स्पष्ट दिसतो. जून १९८९मध्ये थायलंडने निवडक प्रांतांत एचआयव्हीची पहिली व्यवस्थित पाहणी केली. चिआंग मायच्या कुंटणखान्यांतल्या ४४ टक्के बायकांना लागण झालेली आढळली. थाई सरकारने मग जे केले त्याचे जगभर कौतुक झाले, आणि ते सार्थ होते. राचबुरी प्रांतात १९८९मध्ये डॉ. विवत रोजनपित्यकॉर्न यांनी सुरू केलेला शंभर टक्के निरोधचा प्रयोग १९९१मध्ये देशभर लागू झाला. आनंद पन्यारचुन पंतप्रधान होते, निरोधप्रसारासाठी ओळखला जाणारा मेचाई वीरवैद्य यांच्यासारखा माणूस प्रचाराला होता. निरोधशिवाय गिऱ्हाईक घ्यायचे नाही, ही जबाबदारी मालकावर टाकली. गुप्तरोगाच्या दवाखान्यात आलेल्या पुरुषाला विचारले जाई की तू कुठल्या घरी गेला होतास, आणि त्या घराच्या मालकाला बोलावले जाई. नव्या लागणी वर्षाला सुमारे १,४३,००० होत्या, त्या बारा वर्षांत वीस हजारांच्या खाली आल्या.

ही योजना चालली ती आरोग्य खात्याला घरे माहीत होती म्हणून. वेश्याव्यवसाय १९६०पासून बेकायदा असूनही खात्याकडे घरांच्या याद्या होत्या आणि त्यांतल्या बायका तपासणीला येत. कागद नसलेली बाई अशा यादीत ठेवणे मालकाला परवडणारे नव्हते. ती मागच्या खोलीत, कॅराओके बारच्या माडीवर, तपासणीच्या दिवशी दुसरीकडे. तिला थाई नीट येत नाही, वाचता तर अजिबात येत नाही, आणि भित्तिपत्रके थाईत. पुढे युनेस्कोने डोंगरी भाषांत रेडिओनाटके करून घेतली, तस्करी आणि एचआयव्हीचे धोके लाहू आणि म्होंगसारख्या भाषांतून सांगितले. चांगले काम होते. पण ‘निरोध नसेल तर नाही म्हण’ हा सल्ला ऐकून जिला नाही म्हणता येईल अशीच बाई त्याचा उपयोग करू शकते.

आणि लागण झाल्यावर? २००२मध्ये थायलंडच्या सरकारी औषध महामंडळाने तीन औषधांची एक स्वस्त गोळी बाजारात आणली. त्याच वर्षी राष्ट्रीय आरोग्य सुरक्षा कायदा झाला, तीस बाटमध्ये उपचार देणारी योजना कायम झाली. गरीब देशांनी धडा घ्यावा अशी ही जोडी. पण कायद्यातल्या ‘व्यक्ती’चा अर्थ सरकारने थाई नागरिक असा लावला. आधी ज्या डोंगरी माणसांना गरिबांचे आरोग्यकार्ड मिळत होते, त्यांचे तेही गेले. सीमेवरच्या रुग्णालयांतले डॉक्टर माणूस दारात आल्यावर परत पाठवू शकत नव्हते. ते उपचार करत आणि रुग्णालयाचा तोटा वाढत जाई. २३ मार्च २०१०च्या मंत्रिमंडळ ठरावाने नोंद झालेल्या साडेचार लाखांहून अधिक लोकांसाठी वेगळा निधी उभा राहिला. मधल्या आठ वर्षांत जी बाई बँकॉकहून आजारी होऊन डोंगरावर परतली, तिची गोळी तिच्याच देशात तयार होत होती आणि हक्काने मात्र तिची नव्हती.

यातली सर्वांत क्रूर गाठ बाळंतपणाची आहे. रुग्णालयात मूल जन्मले की जन्माचा दाखला मिळतो. रुग्णालयात जायचे तर चौकी ओलांडायची, थाईत बोलायचे आणि बिल भरायचे. म्हणून बाई घरीच बाळंत होते, सुईणीच्या किंवा सासूच्या हाती. कायद्याप्रमाणे पंधरा दिवसांत जन्माची खबर द्यायची असते. ज्या कचेरीला ती आयुष्यभर चुकवत आली, त्याच कचेरीत बाळ घेऊन जायची तिची हिंमत होत नाही, कधी ती बाळंतरोगाने अंथरुणावर असते. मुलगी जन्मते ती नोंदीविना. सतरा वर्षांनी तिच्यासाठी जीप येते. दवाखान्याचे बिल टाळल्यामुळे पुढची पिढी दलालाच्या हवाली होते, हा संबंध आरोग्याच्या आकडेवारीत सापडत नाही, तस्करीच्या अहवालांतही नाही, कारण दोन्ही खाती वेगवेगळी आहेत. २००८मध्ये थायलंडने नोंदणीचा कायदा बदलला आणि देशात जन्मलेल्या प्रत्येक बाळाची नोंद करण्याची वाट मोकळी केली. त्याच वर्षी ३३७ क्रमांकाच्या घोषणेने ज्यांचे नागरिकत्व गेले होते, त्यांना ते परत मिळवण्याची तरतूदही झाली. पण मागायचे कसे? आपण इथेच जन्मलो हे सिद्ध करायला सुईण, गावप्रमुख, जुने शेजारी यांच्या साक्षी. सुईण वारलेली, गाव जंगलखात्याने उठवलेले. कधी नातेवाइकांशी रक्त जुळवून पाहणे, डीएनए. आणि प्रत्येक टप्प्यावर एक टेबल, ज्याच्याखालून काय द्यावे लागते हे मराठी वाचकाला सांगायला नको.

दर्जा नसणे म्हणजे काय, याचे उघड्यावरचे रूप पाहायचे तर माए होंग सोनची कायान गावे पाहावीत. गळ्यात पितळी कडी घालणाऱ्या या बायका म्यानमारमधून निर्वासित म्हणून आल्या. पर्यटक तिकीट काढून त्यांना बघायला जातात. २००८मध्ये न्यूझीलंड आणि फिनलंड त्यांतल्या काहींना कायमचे घर द्यायला तयार होते, पण थाई अधिकारी त्यांना बाहेर जाऊ देईनात. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या प्रवक्त्याने तेव्हा ‘माणसांचे प्राणिसंग्रहालय’ असा शब्द वापरला. याला कोणी तस्करी म्हणणार नाही, इथे कुंटणखाना नाही, मारहाण नाही. पण बाईला हलता येत नाही आणि तिच्या न हलण्यावर दुसऱ्याचे पोट चालते, हा सांगाडा तोच आहे.

सुटका झाली तरी प्रश्न सुटत नाही, आणि याचा दाखला मुंबईने दिला आहे. फेब्रुवारी १९९६मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून मुंबईच्या वेश्यावस्त्यांवर धाडी पडल्या. चारशेहून अधिक मुली-बायका सोडवल्या गेल्या, त्यांत जवळपास निम्म्या नेपाळी. त्या महिनोन्‌महिने सरकारी सुधारगृहांत अडकून राहिल्या. नेपाळ सरकार त्यांना घ्यायला तयार नव्हते, या नेपाळच्या नागरिक आहेत याचा पुरावा काय, असे विचारत होते. त्या एचआयव्ही घेऊन येतील ही भीतीही उघडपणे बोलली जात होती. शेवटी काठमांडूच्या स्वयंसेवी संस्थांनी शंभरावर मुलींना परत नेले. त्या तुकडीतल्या चरिमाया तामाङ आणि तिच्या मैत्रिणींनी मिळून ‘शक्ती समूह’ काढला, तस्करीतून सुटलेल्या बायकांनीच चालवलेली संस्था. पण संस्थेची नोंदणी व्हायला २००० साल उजाडले, कारण संस्थापक बायकांकडे नागरिकत्वाचा दाखलाच नव्हता. नेपाळात तो बापाच्या किंवा नवऱ्याच्या हातून मिळायचा, आणि बापाने दार लावलेले. २०१३मध्ये या संस्थेला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तामाङ ही नेपाळातली डोंगरी जमात आहे, हे इथे नोंदवून ठेवतो.

थायलंडचे धोरण याहून वेगळे नव्हते. परदेशात विकली गेलेली, तिथल्या पोलिसांनी सोडवलेली आखा मुलगी ‘मी चिआंग रायची’ म्हणाली, तर वकिलात विचारणार, वहीत नाव आहे का? नसेल तर ती तस्करीची बळी असली तरी थाई बळी नाही. थायलंडने २००८मध्ये तस्करीविरोधी कायदा केला, आश्रयगृहे बांधली. पण थायलंडने १९५४चा राज्यहीनांविषयीचा करार स्वीकारलेला नाही आणि १९६१चाही नाही. भारतानेही नाही. सुटका हा एक दिवसाचा कार्यक्रम असतो. त्यानंतर बाईला कुठल्यातरी देशात राहावे लागते.

पुरावा मागण्याची पद्धत बदलता येते, याचे उदाहरणही भारतातच आहे. मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मास्कर खटल्यात सांगितले की, वेश्याव्यवसायातल्या बाईला पत्त्याचा पुरावा नसला तरी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर आधार कार्ड द्या, आणि तिचा व्यवसाय कुठे उघड होऊ देऊ नका. आधार म्हणजे नागरिकत्व नव्हे, हे खरे. पण जी आरोग्ययंत्रणा त्या बाईला ओळखते, तिचा शब्द तलाठ्याच्या दाखल्याइतका ग्राह्य धरला गेला. उत्तर थायलंडमध्ये ज्या परिचारिकेने लस टोचली, ज्या मास्तरने हजेरी घेतली, त्यांचे रजिस्टर हाच पुरावा का धरू नये?

याला उत्तर येते ते सुरक्षेचे. सीमा सच्छिद्र आहे, कार्डे वाटली तर म्यानमार रिकामा होऊन येईल. भीती अगदीच काल्पनिक नाही. म्यानमारच्या शान राज्यातून माणसे येतात, आणि कार्डे विकणारे अधिकारीही पकडले गेले आहेत. पण कार्ड विकले जाते ते दुर्मीळ असते म्हणून. आणि तपास अशक्य आहे म्हणावे, तर २०१८ची थाम लुआंगची गुहा आठवावी, जिथे काही मुले आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले होते. जुलैच्या १० तारखेला शेवटची मुले आणि त्यांचा प्रशिक्षक एकापोल चांतावोंग बाहेर आले. जगाला कळले की प्रशिक्षक आणि तीन मुले कोणत्याच देशाचे नागरिक नाहीत. ८ ऑगस्टला माए सायच्या कचेरीत त्यांना थाई ओळखपत्रे मिळाली. अधिकाऱ्यांनी नियम मोडला नाही, कागद तपासले, साक्षी घेतल्या, सगळे रीतसर केले आणि चार आठवड्यांत संपवले. त्याच कचेरीच्या आसपासच्या गावांत दहा-दहा, वीस-वीस वर्षे अर्ज पडून असलेल्या बायका होत्या. त्या गुहेत अडकलेल्या नव्हत्या, एवढेच.

थाई सरकार सगळीकडे निर्दय आहे असे नाही. २०१६मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आईकडून बाळाला होणारी एचआयव्हीची लागण जवळजवळ संपवल्याबद्दल थायलंडला मान्यता दिली, आशियात सर्वांत आधी, आणि त्या कामात स्थलांतरित आयांनाही सामील केले होते. यावरून कोणी म्हणते, सेवा द्या, नागरिकत्वाचा हट्ट कशाला? सेवा हवीच. पण २०१०च्या त्या निधीतून मिळणारा उपचार नोंद जिथली तिथल्या रुग्णालयाशी बांधलेला असतो. बाई कामासाठी हद्द सोडते त्या दिवशी तिचा दवाखाना मागे राहतो, नेमका त्या दिवशी जेव्हा तिचा धोका सुरू होतो.

२९ ऑक्टोबर २०२४ रोजी थाई मंत्रिमंडळाने सुमारे ४ लाख ८३ हजार लोकांना कायमचे वास्तव्य किंवा नागरिकत्व झटपट देण्याचे ठरवले. वर्षानुवर्षे चालणारी प्रक्रिया काही दिवसांवर आणायची, असे आश्वासन आहे. निर्णय मोठा आहे आणि तो मनापासून राबवला गेला तर डोंगरातल्या जीपवाल्याचा धंदा बसेल. फक्त यादी कोणाची, हे पाहावे. १९८४ ते १९९९मधल्या आणि त्यानंतर २०११पर्यंतच्या नोंदणीत जे सापडले ते, दीर्घकाळ थायलंडमध्येच राहिलेले, आणि त्यांची इथे जन्मलेली मुले. म्हणजे मोजणीच्या दिवशी घरी असलेली माणसे. १९९५मध्ये किंवा २००७मध्ये कारकून गावात आला तेव्हा जी मुलगी जपानमध्ये, मलेशियात किंवा बँकॉकच्या एखाद्या कुलूपबंद माडीवर होती, तिच्या नावापुढे काय लिहायचे, यासाठी त्या अर्जात रकाना नाही.